सांगली ते सॅन फ्रान्सिस्को: तिकिटावरचे तास आणि अंगावर येणारे तास

"आठ पन्नासला दुबईतनं उडतंय, बारा चाळीसला अमेरिकेत पोचतंय. म्हणजे चार तासच की हो! मग जावई उगंच सोळा तास म्हणून घाबरवतोय होय?"

कुपवाडच्या एक काकू माझ्या टेबलासमोर बसून तिकिटावर बोट ठेवून विचारत होत्या. लेकीचं पहिलं बाळंतपण, सॅन फ्रान्सिस्कोजवळ. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. आता मात्र माहेरच बॅगेत बसून लेकीकडे जातं, सोबत डिंकाचे लाडू, हळद आणि तासगावचे बेदाणे घेऊन. विश्रामबागला तिकीट बुकिंगचं काउंटर चालवते, त्यामुळे अशा काकू महिन्याला दोन-तीन तरी येतात. व्हिसाची त्यांना धास्ती असते, पण त्याचे कागद मुलगी-जावई बघतात. खरा घोळ असतो तासांचा.

घोळाचं कारण एकच. अंतर, विमानातला वेळ आणि प्रवासाचा वेळ हे तीन वेगळे आकडे आहेत, आणि तिकीट त्यातला एकही धड सांगत नाही. तिकिटावर असतात फक्त दोन गावांच्या भिंतीवरची घड्याळं. म्हणून पहिल्यांदा परदेशी निघणाऱ्यांसाठी, मी टेबलावर जे करून दाखवते ते इथे क्रमाने लिहिते. उदाहरण काकूंच्याच तिकिटाचं घेऊ. लंडन, टोरांटो, सिडनी कुठेही जायचं असलं तरी रीत हीच.

पायरी १: पृथ्वीगोल आणि दोरा

भिंतीवरचा नकाशा बघून अंतराचा अंदाज करू नका. सपाट नकाशात मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को दोन टोकांना दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, विमान अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक असं आडवं जात असणार. तसं ते जात नाही.

पोरांचा शाळेचा पृथ्वीगोल घ्या. नसेल तर गावभागातल्या कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे मिळतो. आठ इंची गोल असला तर विषुववृत्ताचा घेर साधारण ६४ सेंटिमीटर भरतो. पृथ्वीचा खरा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे दोऱ्याचा एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ६२५ किलोमीटर. आता दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. सैल सोडू नका. ताणला की तो आपोआप जवळची वाट धरतो.

काकूंनी स्वतः ताणला. दोरा पश्चिमेला गेला नाही, पूर्वेलाही नाही. तो सरळ वर गेला: दिल्लीच्या जरा पश्चिमेकडून, लडाखवरून, चीनच्या पश्चिम टोकावरून, सायबेरियातून, आर्क्टिक महासागरात शिरून अलास्कावर उतरला आणि मग अमेरिकेच्या किनाऱ्याच्या कडेकडेने खाली. "अगं बाई, हे तर हिमालयातनं चाललंय!" काकू म्हणाल्या. पट्टीवर दोरा भरला साडेएकवीस सेंटिमीटरच्या थोडा वर. गुणाकार केला की साडेतेरा हजार किलोमीटर. पृथ्वीच्या घेराच्या एक तृतीयांशाहून किंचित जास्त.

गोलावरच्या दोन ठिकाणांमधली ही सगळ्यांत जवळची वाट. अंतर म्हणून जो आकडा सगळीकडे छापतात तो हाच. पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणं यापेक्षा लांब-लांब म्हटली तरी २०,००० किलोमीटरच्या पलीकडे असू शकत नाहीत, कारण अर्धा घेरच तेवढा. कुणी तुम्हाला पंचवीस हजार किलोमीटरचा प्रवास सांगितला, तर तो दोन-तीन उड्डाणांची बेरीज सांगतोय असं समजा.

पायरी २: फोनवर पडताळा

दोऱ्यावर विश्वास नसेल तर घरातल्या अकरावी-बारावीतल्या पोराला कामाला लावा. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश लागतात. मुंबई: १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. सॅन फ्रान्सिस्को: ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम असल्याने रेखांशांची बेरीज करायची, १९५.२५. ती १८० च्या वर गेली, म्हणून ३६० मधून वजा करायची: १६४.७५.

मग दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार गुणिले रेखांशातल्या फरकाचा कोसाइन. उत्तर येतं उणे ०.५२२६. ज्या कोनाचा कोसाइन एवढा, तो कोन साडेएकशेएकवीस अंशांचा. पृथ्वीच्या पोटातून बघितलं तर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. गुणाकार: १३,५१० किलोमीटर. दोऱ्याने सांगितलं तेच.

वैमानिक हेच नॉटिकल मैलात मोजतात. एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल, आणि एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. विमानातल्या पडद्यावर मैल दिसले आणि हिशेब जुळेना, तर ते कुठले मैल आहेत ते आधी बघा.

गणित नको असेल तर कॉम्प्युटरवर गूगल मॅप्स उघडून मुंबई विमानतळावर माउसचं उजवं बटण दाबा, अंतर मोजण्याचा पर्याय येतो. दुसऱ्या विमानतळावर क्लिक केलं की तोच आकडा. पण एकदा तरी दोरा ताणून बघाच. पडद्यावरचा आकडा डोक्यात राहत नाही, दोरा राहतो.

पायरी ३: विमान दोऱ्यावरून जात नाही, हे मान्य करा

सांगली ते मुंबई सरळ रेषेत ३०८ किलोमीटर भरतं, पण पेठनाका-कराड-सातारा-पुणे असं रस्त्याने जाताना पावणेचारशेच्या आसपास होतं. घाट, वळणं, गावं आडवी येतात. आकाशात घाट नाहीत, तरी आडवं येणारं बरंच काही असतं.

एक म्हणजे डोंगर. तिबेटचं पठार आणि हिमालय यांच्यावर विमानं सहसा लांबवर उडत राहत नाहीत. केबिनमधली हवा कमी झाली तर वैमानिकाला झटपट खाली, दहा हजार फुटांच्या आसपास यावं लागतं, आणि तिथे खाली डोंगरच त्याहून उंच.

दुसरं, दोन इंजिनांच्या विमानाला वाटेत उतरता येईल असा विमानतळ ठरावीक वेळाच्या आत असावाच लागतो. मोकळ्या समुद्रावर आणि बर्फावर तो नसला तर वाट वळवतात. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एक विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियातल्या मगादान गावी उतरवावं लागलं, ते याच नियमामुळे सुखरूप उतरू शकलं. प्रवाशांना तिथे थंडीत दिवस काढावा लागला ही गोष्ट निराळी.

तिसरं, देशांची भांडणं. २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांचे तास वाढले. म्हणून शेजारच्या जोशीकाकांनी तीन वर्षांपूर्वी किती तास घेतले, हा आकडा तुमच्या कामाचा नाही. एकाच मार्गावर, एकाच दिवशी, दोन देशांच्या कंपन्यांना वेगवेगळा वेळ लागू शकतो.

आणि चौथं, तुम्ही स्वतःच वाट वाकडी केलेली असते: बदलीचं विमान घेऊन. काकूंचं विमान दुबईवरून होतं. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई-सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,०००. बेरीज पंधरा हजाराला थोडी कमी. दोऱ्यापेक्षा चौदाशे किलोमीटर जास्त. ऐकायला मोठं वाटतं, पण हवेत हा जेमतेम पावणेदोन तासांचा फरक. गंमत म्हणजे दुबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांचे रेखांश जवळजवळ समोरासमोरचे आहेत, त्यामुळे त्यांच्यातला दोरा अगदी उत्तर ध्रुवाला लागून जातो. ध्रुवाची वाट आता नवलाची राहिलेली नाही. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सगळ्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला एअर इंडियाचं पहिलं थेट विमान ध्रुवाकडच्याच वाटेने आणलं, चौदा हजार किलोमीटर.

पायरी ४: अंतरावरून तास काढा

माझी टेबलावरची रीत अशी: किलोमीटर भागिले ८५०, आणि वर चाळीस मिनिटं. मोठी विमानं पस्तीस-चाळीस हजार फुटांवर ताशी ९०० च्या आसपास चालतात, पण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, धावपट्टीपर्यंत रांगत जायचं असतं. ती सगळी झीज या चाळीस मिनिटांत धरायची.

दुबई-सॅन फ्रान्सिस्को: १३,००० भागिले ८५० म्हणजे सव्वापंधरा तासांच्या जरा वर, अधिक चाळीस मिनिटं, सोळाला दोन-तीन मिनिटं कमी. तिकिटावरचा हिशेब येतो पंधरा तास पन्नास मिनिटं. मुंबई-दुबई: रीतीने तीन तासांना पाच मिनिटं कमी, वेळापत्रकात तीन-सव्वातीन. कोल्हापूर-मुंबई हवेतून तीनशेच्या थोडं वर. रीतीने एक तास, आणि विमान तेवढंच घेतं. या एका तासातला निम्म्याहून जास्त वेळ चढ-उतार आणि रांगण्यात जातो. अंतर जितकं कमी, तितका विमानाचा फायदा कमी, हे यातून कळतं.

वेळापत्रकातला वेळ दारापासून दारापर्यंतचा असतो, म्हणजे विमान मुंबईच्या गेटवरून हलल्यापासून तिकडच्या गेटला लागेपर्यंतचा. चाकं जमीन सोडतात ती नंतर. त्यामुळे विमान अर्धा तास उशिरा उडूनही वेळेवर पोचलं, तर वैमानिकाने दामटलं असं नाही. कंपनीने आधीच थोडी सवड धरलेली असते.

ही रीत एका ठिकाणी फसते, आणि ते ठिकाण म्हणजे वारा. उत्तर गोलार्धात नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात, हिवाळ्यात ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर. विमान त्या हवेतच तरंगतंय. कृष्णेच्या प्रवाहात खाली पोहत जाणं आणि उलटं पोहणं यात जेवढा फरक, तेवढाच इथे. आयर्विन पुलाखाली पोहलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून मुंबई-लंडन, सुमारे ७,२०० किलोमीटर: रीतीने नऊ तास आठ मिनिटं. जाताना मात्र पावणेदहा-दहा लागतात, येताना नऊच्याही आत. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी साडेसहा-सात तासांची वाट. त्याहून बोलकं उदाहरण एअर इंडियाचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट सुमारे चौदाशे किलोमीटरने लांबली आणि वेळ दोनेक तासांनी कमी झाला. लांबची वाट लवकर पोचवते, हे ऐकून काकूंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी त्यांना जास्तीचं तिकीट विकतेय.

पश्चिमेला जाताना थोडे मिळवा, पूर्वेला येताना थोडे वजा करा. ध्रुवावरून उभ्या जाणाऱ्या वाटेला हा फरक कमी लागतो. एवढं पुरे.

पायरी ५: घड्याळाचा घोळ सोडवा

आता काकूंचे 'चार तास'.

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एक अंश म्हणजे चार मिनिटं. भारताचं घड्याळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलंय. सांगली साडेचौऱ्याहत्तरवर. म्हणून आपल्याकडे सूर्य घड्याळापेक्षा अर्धा तास मागेच असतो. एकाच देशात ही गत, तर पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूची काय असेल?

लक्षात ठेवायचे आकडे दोनच. दुबई आपल्या दीड तास मागे, वर्षभर. सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेतेरा तास मागे हिवाळ्यात, साडेबारा तास मागे उन्हाळ्यात. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. ब्रिटनमध्येही करतात, पण तारखा वेगळ्या: मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा. फेब्रुवारीत काढलेलं तिकीट आणि एप्रिलमधला प्रवास असेल तर हा तास विसरू नका.

सोडवायचा नियम असा: दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत बदला, मगच वजाबाकी करा. कागदावर, पेनने.

काकूंचं तिकीट, हिवाळ्यातलं. मुंबई पहाटे ०४:३०. दुबई ०६:१०, म्हणजे आपले ०७:४०. पहिलं उड्डाण तीन तास दहा मिनिटं. दुबईहून ०८:५०, म्हणजे आपले १०:२०. मधली थांबणूक दोन तास चाळीस मिनिटं. सॅन फ्रान्सिस्को दुपारी १२:४०. त्यात साडेतेरा मिळवले की आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची मध्यरात्र उलटून ०२:१०. दुसरं उड्डाण पंधरा तास पन्नास मिनिटं. एकूण एकवीस तास चाळीस मिनिटं.

"म्हणजे मी तिकडे दुपारचं जेवायला बसणार तेव्हा हे इथे घोरत असणार," काकूंनी काकांकडे बघून म्हटलं. घड्याळाचं गणित त्यांना तिथे कळलं.

हातातलं घड्याळ विमानात बसल्या-बसल्या बदलू नका, असं मी म्हाताऱ्या माणसांना सांगते. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या किती तासांनी घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारून भारतीय वेळेनेच एका चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. फोन तिकडची वेळ आपोआप दाखवतो. मनगटावर सांगली राहू द्या.

पायरी ६: तारीख. इथे मी स्वतः आपटले आहे

ही पायरी छोटी आहे, पण सगळ्यांत महाग.

काउंटर सुरू करून वर्ष झालं असेल. तासगावकडचं एक कुटुंब, चार तिकिटं, सुटण्याची वेळ १४ तारीख ००:५५. मी त्यांना तोंडी म्हटलं, "चौदाला रात्रीचं विमान आहे." ते बिचारे चौदाला सकाळी देवदर्शन करून निघाले आणि रात्री नऊला विमानतळाच्या दारात उभे राहिले. विमान वीस तासांपूर्वीच गेलं होतं. दारावरच्या जवानाने तिकीट बघून परत पाठवलं. कंपनीने एक रुपया परत दिला नाही. निम्मे पैसे मी माझ्या खिशातून भरले, आणि त्या घरातलं पुढचं एकही तिकीट माझ्याकडून गेलं नाही. रास्तच आहे.

मुंबईहून लांबची बरीच विमानं मध्यरात्र ते पहाटे या वेळात सुटतात. १४ तारीख ००:५५ म्हणजे १३ तारखेची रात्र. ०४:३० म्हणजेही १३ ची रात्र. त्या दिवसापासून मी तिकिटावर लाल पेनने एकच ओळ लिहिते: 'घरातून निघायचं: १३, मंगळवार, दुपारी २.' वार लिहायलाच हवा. आपली माणसं तारीख विसरतात, वार विसरत नाहीत. मंगळवार-शनिवार निघावं का यावर तरी चर्चा होतेच.

पायरी ७: बदलीला किती वेळ हवा

दोन-अडीच तास चांगले. एक तास दाखवून तिकीट स्वस्त मिळत असेल तर तरुण पोरांनी घ्यावं, काकूंनी नाही. मोठ्या विमानतळावर एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं चालणं, मध्ये पुन्हा तपासणी, आणि नवीन विमानाचं दार उड्डाणाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बंद. चालणं झेपत नसेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा, लाजू नका. ज्यांना इंग्रजीची धास्ती आहे त्यांनाही व्हीलचेअरवाला थेट गेटवर नेऊन सोडतो, हा त्यातला खरा फायदा.

दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर हवीत. एकाच तिकिटावर असली आणि पहिल्याला उशीर झाला तर पुढच्या विमानाची सोय कंपनीला करावी लागते. वेगवेगळी तिकिटं स्वस्तात जोडली आणि पहिलं चुकलं, तर दुसरं तुमच्या नशिबाने. सामानही मध्ये उतरवून पुन्हा द्यावं लागू शकतं.

अमेरिकेत शिरताना पासपोर्ट आणि सामानाची तपासणी सहसा पहिल्या अमेरिकी विमानतळावरच होते. सॅन फ्रान्सिस्कोला सरळ उतरत असाल तर ती शेवटी. पण न्यूयॉर्क किंवा शिकागोला बदल असेल तर तिथेच बॅग पट्ट्यावरून उचला, तपासणी करा, बॅग परत द्या. त्यासाठी तीन तास तरी धरा.

पायरी ८: सांगली ते मुंबई, म्हणजे खरी लढाई

तेरा हजार किलोमीटर सोळा तासांत, आणि पावणेचारशे किलोमीटरला आठ-नऊ तास. कवलापूरला विमानतळ व्हावा ही मागणी आपण सगळेच वर्षानुवर्षं ऐकतोय. तोवर आपला प्रवास पेठनाक्याकडे तोंड करूनच सुरू होतो.

गाडी सात तासांत पोचते असं गाडीवाले सांगतात. मोकळ्या रस्त्यावर पोचतेही. पण तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूरचे टोलनाके, खंबाटकीचा बोगदा, कात्रज ते वाकडची गर्दी, शनिवारी-रविवारी खंडाळ्यात थांबलेली रांग, आणि शेवटी पनवेलपासून अंधेरीपर्यंतची मुंबई हे सगळं मोकळं एकाच दिवशी मिळत नाही. मी नऊ तास धरते, जेवण धरून. पावसाळ्यात आणखी दोन. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवतोय ना? तेव्हा सांगलीतून बाहेर पडणंच अवघड होतं. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा-वारणेला पाणी चढायला लागलं की मी लोकांना एक दिवस आधी पुण्यापर्यंत तरी जाऊन बसा म्हणते.

महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री निघून सकाळी मुंबईत सोडते. विमान दुपारचं-संध्याकाळचं असेल तर तिच्यासारखं सुख नाही. पहाटेच्या विमानाला तिचा उपयोग नाही. दिवसभर बॅगा सांभाळत बसावं लागतं. कोल्हापूरचं, उजळाईवाडीचं विमान मुंबईला घेऊन जातं ते जरूर बघा, पण मधे सहा-सात तास मोकळे ठेवून. लहान विमानतळावर ढग उतरले की विमान रद्द व्हायला वेळ लागत नाही.

आता मुंबईत दोन विमानतळ झालेत, हे विसरू नका. अंधेरीच्या सहारचं जुनं, तिकिटावर ज्याचं चिन्ह बीओएम. आणि डिसेंबर २०२५ पासून सुरू झालेलं नवी मुंबईचं, एनएमआय. आपल्या बाजूने जाताना पनवेलजवळचं नवीन खूपच सोयीचं, तास-दीड तास वाचतो. पण तिकिटावर कुठलं आहे ते बघा. गाडीवाल्याला नुसतं 'मुंबई एअरपोर्ट' सांगितलंत आणि तो सवयीने सहारला गेला, तर परत फिरायला मुंबईची गर्दी आहे.

परदेशी विमानाला तीन तास आधी हजर राहायचं. बहुतेक कंपन्यांचा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो आणि तो बंद झाला की गयावया करून उघडत नाही.

पायरी ९: आता बेरीज

काकूंचा कागद शेवटी असा झाला. १३ तारखेला दुपारी २ ला कुपवाडहून निघायचं. रात्री ११ ला मुंबई. दोन तास हातचे ठेवलेले, नाही लागले तर बाकावर बसून दशम्या खायच्या. मध्यरात्रीनंतर १ ला आत. पहाटे ०४:३० ला उड्डाण. १४ ला त्यांच्याकडच्या दुपारी १२:४० ला उतरणं. पासपोर्टची रांग, सामान, जावयाची गाडी: लेकीच्या दारात दुपारी ३. आपल्याकडे तेव्हा १५ ची पहाट, साडेचार.

दारातून दारात साडेअडतीस तास. त्यातले विमानात एकोणीस, म्हणजे निम्मेच. बाकीचे निम्मे रस्त्यावर, रांगेत आणि बाकावर. 'किती तास लागतात?' याचं उत्तर तुम्हाला तीन माणसं तीन प्रकारे देतील: सोळा, बावीस, अडतीस. तिघंही खरं बोलत असतात. लाडू किती करायचे, गोळ्या किती घ्यायच्या, पाय सुजतील का, हे ठरवायला तिसरा आकडा लागतो.

विमानात दर दोन तासांनी उठून दोन फेऱ्या मारा, म्हणून शक्य तर मार्गिकेच्या कडेची जागा मागून घ्या. पोचल्यावर पहिले चार-पाच दिवस रात्री दोनला टक्क जाग येणार आणि दुपारी चारला डोळे मिटणार. बाळंतपणाच्या घरात याचा उपयोगच होतो. रात्रीची पाळी आपोआप आजीकडे येते. म्हणून अपेक्षित तारखेच्या आधी आठवडाभर तरी पोचा.

परतीचं गणित वेगळं

जाताना तारीख जवळजवळ जागच्या जागी राहते, येताना ती दोन घरं पुढे उडी मारते. काकूंचं परतीचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून १० तारखेला दुपारी १५:४५. पंधरा तास पंचेचाळीस मिनिटांनी दुबई, तिथे ११ ची संध्याकाळ, १९:३०. तीन तास थांबून २२:३० ला पुढचं. मुंबईत टेकायला १२ तारखेची पहाट, ०२:५०.

मुलगी फोनवर सांगते, "आई दहाला निघतेय." काका गाडीवाल्याला सांगतात अकरा, कारण 'अमेरिकेला एक दिवस लागतो'. तिकिटावर असतं बारा. तीन तारखा, एक प्रवास. गाडी कुपवाडहून निघायला हवी ती ११ तारखेला दुपारी ४ ला, आणि विमानतळाच्या बाहेर उभी राहायला हवी १२ ला पहाटे ४ पर्यंत, कारण उतरल्यावर सामान घेऊन बाहेर यायला तास लागतोच. हे मी काकांना वेगळ्या चिठ्ठीवर लिहून दिलं, वारासकट, आणि गाडीवाल्याला फोन लावून त्याच्याच तोंडून एकदा म्हणवून घेतलं.